रंगमंच आणि वेदी : अमेरिकेतील काही गायकांच्या निमित्ताने

धर्मग्रामातील गायनाविषयी आपल्यामध्ये चर्चा निघते तेव्हा ती बहुधा चालीपाशी येऊन थांबते. अमुक गीताची चाल चित्रपटातील आहे, तमुक गीताचा ठेका तमाशातला वाटतो, एखादा तरुण मायक्रोफोन हातात धरून सिनेमातल्या गायकासारखा डोलतो, अशा तक्रारी धर्मगुरू करतात. ‘पण त्यामुळे तरुण देवळात येतात’, असे गायकवृंदाचे उत्तर असते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे; तथापि प्रश्नाचे मर्म त्यांपैकी एकाच्याही हाती लागत नाही, असे आमचे मत आहे. ते शोधण्यासाठी आम्ही थोडा दूरचा मार्ग धरणार आहोत. विसाव्या शतकातील अमेरिकेत गायकांची चर्चमधून रंगमंचावर, चित्रपटात आणि तेथून पुन्हा चर्चमध्ये जी ये-जा झाली, तिचा विचार आपल्या कीर्तनपरंपरेच्या उजेडात करावा, असा हेतू आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. मंचेरियल हे काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्गावरचे, कोळशाच्या पट्ट्यातले गाव. १९९९ साली आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत हा मुलूख चांदा धर्मप्रांतात मोडत असे. येथील भाषा तेलुगू. पण उत्तरेकडून कामधंद्यानिमित्त आलेली मराठी घरेही आहेत. अशा घरांत नाताळच्या दिवसांत मराठी गीते, तेलुगू गीते आणि जिम रीव्ह्ज यांच्या आवाजातील इंग्रजी नाताळगीते एकापाठोपाठ ऐकू येतात, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. १९६४ साली विमान अपघातात मरण पावलेला टेक्सासचा हा गायक भारतातील ख्रिस्ती घरांमध्ये, विशेषतः रेल्वेच्या वसाहतींमध्ये, अर्ध्या शतकाहून अधिक काळ घरचाच होऊन राहिला आहे. भक्तिगीत कसे गायले जावे याची आपल्या लोकांची कल्पना केवळ गायनपुस्तिकेतून घडलेली नाही. ती तबकड्यांतून, ध्वनिफितींतून आणि आता मोबाइलमधूनही घडते आहे.

गाण्याच्या मोहाचे भय ख्रिस्तसभेला जुने आहे. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात आपले मन उघड केले आहे. स्तोत्रांच्या गायनाने आपल्या आत्म्यास लाभ झाला हे ते नाकारीत नाहीत. परंतु गायल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, असे लक्षात आले की त्यांना ते पाप वाटते. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या आज्ञापत्रात नाटकी शैलीचे संगीत उपासनेतून वगळले आणि पियानो व ढोल-झांजा यांना देवळात बंदी केली. साठ वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, उपासनाविषयक संविधानाच्या ११९ व्या कलमात, मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान देण्यास सांगितले. वाद्यांविषयीची भूमिका बदलली. ऑगस्टीनांची शंका मात्र जशीच्या तशी उभी आहे. ती शंका ऐकणाऱ्याची आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. ऑगस्टीन तेथे ऐकत होते. स्वतः गाणाऱ्या माणसाला ती त्याच रीतीने पडली असती का, हा प्रश्न आपण पुढे विचारणार आहोत.

अमेरिकेतील ज्या गायनप्रकारास गॉस्पेल म्हणतात, त्याच्या आधुनिक रूपाचे जनक टॉमस डॉर्सी (१८९९-१९९३) हे जॉर्जियातील एका बॅप्टिस्ट उपदेशकाचे पुत्र. परंतु त्यांची उमेदीची वर्षे ब्लूजच्या मैफिलींत गेली. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ते ओळखले जात. मा रेनी या विख्यात गायिकेला ते पियानोची साथ करीत, आणि १९२८ साली टँपा रेड या साथीदाराबरोबर काढलेली त्यांची एक द्व्यर्थी गाण्याची तबकडी अतोनात खपली. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर फडावरचा माणूस. १९३२ साली त्यांची पत्नी नेटी बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ नवजात मूलही गेले. त्या शोकातून त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत लिहिले. त्याची चाल एका जुन्या, पूर्वीपासून चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या स्तोत्रावर आधारलेली होती. गंमत अशी की, डॉर्सी यांनी चर्चमध्ये ब्लूज आणला म्हणून शिकागोतील अनेक प्रतिष्ठित चर्चमंडळांनी सुरुवातीस त्यांना दारे बंद केली होती. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत मात्र जुन्या स्तोत्राच्याच चालीवर उभे होते. चालीवरून माणसाची परीक्षा करणाऱ्यांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

डॉर्सी यांची गीते ज्या आवाजाने जगभर पोहोचवली तो महेलिया जॅक्सन यांचा. १९११ साली न्यू ऑर्लिन्स येथे त्यांचा जन्म झाला. पुढे शिकागोस आल्या आणि चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागल्या. १९४७ च्या एका तबकडीने त्यांचे नाव देशभर झाले, १९५० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे गायन झाले. ब्लूज गाणार नाही, नाइट क्लबमध्ये गाणार नाही, हा निश्चय त्यांनी मोठमोठी आमिषे येऊनही पाळला. १९७१ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्या भारतातही येऊन गायल्या. दिल्लीतील गायनास पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. २७ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

महेलियाबाईंच्या गायनाची रीत मराठी माणसाला समजावून सांगणे अवघड नाही. आपला वारकरी कीर्तनकार अभंगाचे एक चरण घेतो, टाळकरी ध्रुपद उचलतात. तो एखाद्या शब्दावर घोटाळतो, तो शब्द उलटून पालटून पाहतो, मध्येच बोलू लागतो, आणि बोलता बोलता पुन्हा स्वरात शिरतो. मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांशिवाय कीर्तन पुरे होत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चमध्ये नेमके हेच घडते: गाणारा हाक देतो, मंडळी ओ देते. तबकडीवर महेलियाबाईंचा आवाज एकटा ऐकू येतो. परंतु त्यांच्या ओळींमधील ज्या मोकळ्या जागा आहेत त्या मंडळीसाठी सोडलेल्या आहेत. पुढे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने याच जागा व्हायोलिनच्या ताफ्यांनी आणि पगारी गायकवृंदांनी भरून काढल्या. १९६० सालचा पर्सी फेथ यांच्या वाद्यवृंदासह काढलेला संच ऐकावा आणि मग केवळ मिल्ड्रेड फॉल्स यांचा पियानो व एक ऑर्गन साथीला असलेल्या आधीच्या तबकड्या ऐकाव्यात. आवाज तोच, भक्ती तीच. पण नंतरच्या संचात ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरलेले नाही. त्याने फक्त भारावून जायचे आहे. ऑगस्टीनांची शंका येथे खरी ठरते.

मराठी संगीत रंगभूमीने आपल्याला एक शब्द दिला आहे, ‘वन्समोअर’. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला अनेक वेळा वन्समोअर मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. कीर्तनातही चरण पुनःपुन्हा येते, गॉस्पेलमध्येही येते. मग फरक कोणता? वन्समोअर प्रेक्षक मागतो, आणि नट तो पुरवतो. मागणाऱ्याने स्वतः गायचे नसते. ध्रुपदाची पुनरावृत्ती ज्याची त्यानेच करायची असते. आमच्या मते रंगमंच आणि वेदी यांमधील सीमारेषा येथे आहे. चाल, वाद्य, ताल, गाणाऱ्याचे पूर्वायुष्य, यांपैकी कशातही ती नाही.

ही कसोटी लावली की अनेक वादग्रस्त उदाहरणे निराळी दिसू लागतात. सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९३८ साली न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये भक्तिगीते गायली तेव्हा त्यांच्या चर्चमधील लोक दुखावले. गीते तीच होती, बाईंची श्रद्धाही खोटी नव्हती. पण तेथे ओ देणारी मंडळी नव्हती, मद्यपान करणारे गिऱ्हाईक होते. रे चार्ल्स यांनी १९५४ साली एका गॉस्पेल गीताच्या धर्तीवर प्रेयसीचे गीत रचले तेव्हाही गदारोळ उठला. सॅम कुक १९५७ साली गॉस्पेल सोडून लोकप्रिय संगीताकडे वळले तेव्हा तर त्यांना धर्मभ्रष्टच ठरवले गेले. या दोघांविषयी आम्हाला फारसे काही म्हणायचे नाही. त्यांनी वेदी सोडून रंगमंच स्वीकारला आणि ते उघडपणे केले. उपासनेच्या नावाखाली करमणूक विकली नाही.

एल्व्हिस प्रेस्ली यांचे प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे. ज्यांच्या अंगविक्षेपांमुळे दूरचित्रवाणीवर त्यांना कमरेच्या वरच दाखवण्यात आले, त्याच ६ जानेवारी १९५७ च्या कार्यक्रमात त्यांनी एक भक्तिगीत गायले, आणि ते गीत डॉर्सी यांचेच होते. पुढे त्यांना स्पर्धेतील जे तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले ते तिन्ही धार्मिक ध्वनिमुद्रणांसाठी. आपल्यातील काही प्रवचनकार हे उदाहरण ‘शेवटी प्रत्येकाला देवाकडेच यावे लागते’ अशा थाटात देतात. आम्हाला ते पटत नाही. प्रेस्ली लहानपणापासून पेंटेकोस्टल मंडळीत वाढले होते. ते देवाकडे ‘आले’ असे नव्हे, ती गाणी त्यांच्या घरचीच होती. एखाद्या रंगभूमीवरील नटाने घरी हरिपाठ म्हणावा तसे ते होते. त्याच्या हरिपाठाने नाटक पवित्र होत नाही आणि नाटकाने हरिपाठ विटाळत नाही.

महेलियाबाईंच्या बाबतीतही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १९५८ सालच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावर जो चित्रपट निघाला, त्याच्या शेवटी रात्र उलटल्यावर त्या प्रभूची प्रार्थना गातात. श्रोतृवर्ग निःशब्द होतो. ते दृश्य पाहून ज्याचे मन हलणार नाही असा माणूस विरळा. पण प्रभूने शिकवलेली प्रार्थना अनेकवचनात आहे. ती ‘आमच्या’ पित्याची आहे. महोत्सवाच्या मंचावर एका गायिकेने ती गावी, हे चालण्यासारखे आहे, कारण तेथे उपासक मंडळीच नव्हती आणि होते त्या श्रोत्यांना निदान काही क्षण मौन लाभले. हाच प्रकार ख्रिस्तयागात आणून एखाद्या सुरेल गळ्याच्या मुलीकडून ‘आमच्या बापा’ एकल गाऊन घेणे, जे आपण समारंभाच्या मिस्सांमध्ये अलीकडे पाहतो, ते मात्र भाविकांच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखे आहे. पवित्र संगीताविषयीच्या १९६७ च्या सूचनापत्रात ही प्रार्थना लोकांनी धर्मगुरूसह एकत्र म्हणावी असे सुचवले आहे.

याच महेलियाबाईंचा दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात त्या गायल्या. नंतर मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले. लिहून आणलेले भाषण चालू असताना मागून महेलियाबाईंनी त्यांना स्वप्नाविषयी सांगण्यास हाक दिली, असे तेथे जवळ असलेल्या लोकांनी नमूद केले आहे. त्यानंतरचा भाषणाचा भाग सर्वज्ञात आहे. गायिका तेथे टाळकरी झाली होती. व्यासपीठावरची सर्वांत मोठी गायिका दुसऱ्याच्या शब्दाला ओ देऊ शकते, हे सामर्थ्य रंगमंच शिकवीत नाही. ते चर्चमध्येच कमावलेले असते.

आता आपल्या बाजूकडे वळू. गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांत मेस्त्री मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. लॅटिन मिस्सेसाठी तयार झालेले हे वादक पोटासाठी मुंबईस आले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड आदी आले. त्यांच्याकडून गोवेकरांनी जॅझ उचलला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात ट्रंपेट वाजवू लागले, आणि पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात त्यांचा हात लागला. मराठी माणसाने ज्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत ताल धरला त्यांत न्यू ऑर्लिन्सचा आणि हळदोण्याच्या देवळाचा असा दुहेरी वारसा आहे.

ख्रिस्तसभेने घडवलेले वादक सिनेमाने पळवले, अशी हळहळ आपल्यात ऐकू येते. आम्ही तिच्यात सहभागी नाही. त्या वादकांना देवळाने विद्या दिली, पण संसार चालेल असा चरितार्थ दिला नाही. दुसरे म्हणजे, त्या काळच्या देवळातील लॅटिन गायन गायकवृंदाच्या सज्ज्यातून होत असे आणि खाली बसलेले लोक ते ऐकत. लोकांचे स्वतःचे गाणे निराळ्या जागी जिवंत होते: घरोघरी व क्रुसांपाशी होणाऱ्या लादाईन्यात, जेथे प्रत्येक विनवणीला सारी आळी उत्तर देते, आणि फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या क्रिस्तपुराणाच्या ओव्यांत. जो वादक सज्ज्यात वाजवत होता तो ताजमहाल हॉटेलात गेला, यात त्याची जागा फार बदलली असे म्हणता येईल का? दोन्हीकडे ऐकणारे खाली आणि वाजवणारे वर.

मराठी ख्रिस्ती समाजाने मात्र दुसरा मार्गही चोखाळला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर येथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि ओवी या घरच्या छंदांत ख्रिस्ताला आळवले. पंथभेद बाजूला ठेवून आज आपणही त्यांची गीते गातो. कीर्तनाला रंग असतो, विनोद असतो, अभिनय असतो. तो एक प्रयोगच आहे. त्यामुळे ‘प्रयोग’ या शब्दाचेच भय बाळगणारे धर्मगुरू सांगळे-टिळकांना कोठे बसवणार हे आम्हाला कळत नाही. येथील तेलुगू प्रॉटेस्टंट बांधव तर आपल्या गीतसंग्रहालाच ‘आंध्र क्रैस्तव कीर्तनलु’ म्हणतात.

रंगमंचावरून वेदीकडे उलट वाट चालून आलेल्या एका कॅथलिक स्त्रीचा उल्लेख आपल्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. मेरी लू विल्यम्स या नामांकित जॅझ पियानोवादक १९५४ साली वाजवणे सोडून प्रार्थनेकडे वळल्या आणि १९५७ साली कॅथलिक झाल्या. त्यांना पुन्हा वाजवण्याचा सल्ला दिला तो धर्मगुरूंनीच. त्यांनी रचलेली मिस्सा १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये झाली. दहाव्या पायसांच्या आज्ञापत्राने ज्या वाद्याला नावानिशी मनाई केली होती त्याच वाद्याची ही साधिका होती.

आणि अरिथा फ्रँक्लिन. डेट्रॉइटमधील उपदेशक सी. एल. फ्रँक्लिन यांची ही कन्या जगद्विख्यात झाल्यावर जानेवारी १९७२ मध्ये दोन रात्री लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये भक्तिगीते गायली. तबकडी त्याच वर्षी निघाली. चित्रफीत मात्र ध्वनीशी जुळवता न आल्याने पडून राहिली आणि २०१८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने प्रकाशात आली. धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. कॅमेरे, दिवे, वायरी यांनी चर्च भरलेले आहे. व्यापारी कंपनीचा पैसा आहे. प्रेक्षकांत रॉक संगीताचे तारेही येऊन बसले आहेत. रंगमंचाची सारी सामग्री तेथे हजर आहे. आरंभीच रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड लोकांना हे चर्च आहे याचे भान देतात. अरिथाबाई जवळजवळ बोलतच नाहीत. डोळे मिटून गातात. गायकवृंद खुर्च्यांवरून उठतो, वृद्ध स्त्रिया उभ्या राहतात, पियानोवर बसलेले क्लीव्हलंड रडू लागतात आणि वाजवणे सोडून बाजूला जाऊन बसतात. वडील पुढे येऊन मुलीच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. दोष काढायचाच तर कॅमेऱ्याचा काढता येईल. तो पुनःपुन्हा तारांकित पाहुण्यांकडे वळतो आणि नसलेली प्रेक्षागृहे आठवून देतो. पण गाणे त्याला बधत नाही. दोन आठवड्यांच्या आत महेलियाबाई निवर्तल्या, आणि शिकागोतील त्यांच्या अंत्यविधीत अरिथाबाईंनी डॉर्सी यांचे तेच ‘प्रेशस लॉर्ड’ गायले.

आता आपल्या देवळातील एका नव्या प्रथेविषयी. अनेक ठिकाणी पेटी आणि तबला बाजूला पडून गीते ‘ट्रॅक’वर गायली जाऊ लागली आहेत. वाद्यसंगीत आधीच मुद्रित असते. मोबाइल ध्वनिक्षेपकाला जोडला की झाले. वादक मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. परंतु ट्रॅकची पट्टी मूळ गायिकेच्या गळ्याला बेतलेली असते. ती काळी चार असेल तर मंडळीतील निम्मे पुरुष दुसऱ्या चरणाला गप्प होतात. पेटीवाला एखादा सूर खाली उतरवू शकतो. म्हाताऱ्यांचा आवाज मागे रेंगाळला तर तो थांबतो. ट्रॅक थांबत नाही. परमप्रसादाची रांग लांबली तर ध्रुपद आणखी दोनदा घ्यायचे हे तो रांगेकडे पाहून ठरवतो. ट्रॅक ठरल्या क्षणी संपतो आणि मग देवळात एक विचित्र शांतता पसरते, जिच्यात कोणीतरी टाळ्या वाजवते.

खेड्यापाड्यांत आजवर गीत उचलून देण्याचे काम धर्मशिक्षकाने केले आहे. त्याचा गळा सुरेल असतोच असे नाही. पण कोणत्या वस्तीला कोणते ध्रुपद येते हे त्याला ठाऊक असते. ट्रॅक आल्यावर प्रथम बाजूला सारला जातो तो हा माणूस. आमच्या मते प्रवेशगीत, स्तोत्राचा प्रतिसाद, ‘पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना यांसाठी ट्रॅक वापरूच नये. वादक नसेल तर नुसत्या टाळीवर गावे. परमप्रसादानंतर एखादे ध्यानगीत एकाच गळ्यातून ऐकण्यास हरकत नाही, आणि तेथे ज्याला ट्रॅक हवा असेल त्याने तो लावावा.